आधी चित्र दाखवा, मग नारळ फोडा!
रेल्वे, रस्ते, पवनचक्क्या, तीर्थक्षेत्र आराखडा... कामं येतायत, पण काम झाल्यावर आपलं शिवार कसं दिसणार, हे कोण सांगणार?

सिरसाळा (ता. परळी वै.) : आपल्या भागात सध्या कामांचे दिवस आहेत. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत गाडी आली. पुढचा टप्पा वडवणी, तेलगाव, सिरसाळा या बाजूनं परळीला यायचा आहे. सिरसाळ्याच्या एमआयडीसीची चर्चा काही वर्षांपासून आहे. परळीत वैद्यनाथाच्या तीर्थक्षेत्राचा आराखडा आहे. पलीकडं बीड, पाटोदा, केजच्या डोंगरपट्ट्यात पवनचक्क्या उभ्या राहतायत.

ही कामं नकोत असं कुणीच म्हणणार नाही. रेल्वेची वाट पाहण्यात आपल्या बापाची अन् आपली अशा दोन पिढ्या गेल्या. पण एक प्रश्न गावात कुणी मोठ्यानं विचारत नाही. काम झाल्यावर आपलं गाव, आपलं शिवार, आपला ओढा कसा राहणार? पाणी कुठून जाणार? कोणती झाडं जाणार, कोणती राहणार? शेतात बैलगाडी, ट्रॅक्टर कुठून न्यायचा? वेशीतून, देवळातून, शाळेतून समोर काय दिसणार?

या प्रश्नांची उत्तरं देणारे दोन कागद असतात. एक म्हणजे परिसर आराखडा. दुसरा म्हणजे दृश्य परिणामाचा अहवाल. परदेशात बऱ्याच ठिकाणी मोठं काम मंजूर होण्याआधी हे दोन्ही कागद लोकांसमोर ठेवावे लागतात. आपल्याकडं बहुतेक वेळा गावाला दिसतो तो फक्त भूमिपूजनाचा फ्लेक्स.

फ्लेक्सवरचं चित्र आणि खरं चित्र

फ्लेक्सवर जे रंगीत चित्र असतं त्याला संकल्पचित्र म्हणतात. त्यात आभाळ निळंशार, रस्ता धुतल्यासारखा, झाडं सगळी एका उंचीची अन् हिरवीगार. मे महिन्यातला आपला फुफाटा त्यात नसतो. शेजारचा टपरीवाला नसतो, उघडी नाली नसते, खांब अन् तारा नसतात. हे चित्र काम विकायला काढलेलं असतं. त्यावरून परिणाम कळत नाही.

दृश्य परिणामाचा अहवाल वेगळा असतो. त्याची रीत साधी आहे. गावातली ठरावीक ठिकाणं निवडायची: वेस, मंदिराचा पार, शाळेचं मैदान, वस्ती, आखाडा. तिथं उभं राहून आज जसं दिसतं तसा फोटो घ्यायचा. मग त्याच फोटोवर येणारं काम, म्हणजे भराव, पूल, मनोरा, शेड, जे असेल ते खऱ्या मापात बसवायचं. जेवढं उंच असेल तेवढंच उंच दाखवायचं, कमी नाही. ब्रिटनमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. तिथल्या लँडस्केप इन्स्टिट्यूट या संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तकाची तिसरी आवृत्ती 2013 ला आली. काम संपल्यावर पहिल्या वर्षी कसं दिसेल अन् लावलेली झाडं वाढल्यावर, साधारण 15 व्या वर्षी कसं दिसेल, अशी दोन्ही चित्रं देण्याची तिथं रीत आहे. म्हणजे झाडाच्या नावाखाली फसवणूक करायला जागा कमी राहते.

परिसर आराखडा म्हणजे बगीचा नाही. जमिनीचा उतार, ओढे-नाले, विहिरी, बांध, पाणंद, जुनी झाडं हे सगळं आधी नकाशावर आणायचं. मग काम कुठं बसतंय, काय वाचवायचं, पाणी कसं वळवायचं, कोणतं झाड कुठं लावायचं अन् ते किती वर्षं कुणी जगवायचं, हे लिहायचं. थोडक्यात शेतकरी नवीन रान घेतल्यावर पहिल्या पावसात बांधावर उभा राहून जे बघतो, तेच कागदावर.

आपल्याकडं कायदा काय म्हणतो?

इथंच खरी गोम आहे. पर्यावरण परिणामाचा अभ्यास अन् जनसुनावणी कोणत्या कामाला लागते, हे केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत ठरलेलं आहे. औष्णिक वीज केंद्र, मोठ्या खाणी, मोठी धरणं त्यात आहेत. रेल्वेमार्ग त्यात नाही. पवनचक्क्या त्यात नाहीत. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम 100 किलोमीटरपेक्षा लांब असेल अन् ठरलेल्या मापापेक्षा जास्त जागा घेत असेल, तरच ते त्यात येतं.

भूसंपादनाचंही तसंच. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामाचा अभ्यास ही चांगली तरतूद आहे. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत महामार्ग कायदा 1956 अन् रेल्वे कायदा 1989 टाकलेले आहेत. म्हणजे मोबदला नव्या कायद्याप्रमाणं, पण सामाजिक परिणामाचा अभ्यास करायची सक्ती नाही.

मग उरते हरकत. महामार्गाच्या संपादनाची अधिसूचना निघाली की 21 दिवसांत, रेल्वेच्या संपादनाला 30 दिवसांत हरकत द्यायची. पण ही हरकत कुणाची? ज्याचा त्या जमिनीत हक्क आहे त्याची. ज्याचा गट नंबर यादीत नाही, पण भरावामुळं ज्याच्या रानात उद्या पाणी तुंबणार आहे, त्याला या कागदात जागाच नाही. आपल्या भागातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात. ज्याची जमीन गेली त्याला मोबदला मिळतो. ज्याची राहिली पण बुडाली, तो तहसीलच्या पायऱ्या झिजवत बसतो.

त्यात आपली आणखी एक अडचण. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली गावं ऊसतोडीला जातात. बायकापोरांसह अर्धं गाव कोयत्यावर. मोजणी, नोटीस, बैठक या काळात आली तर गावात राहतात म्हातारी माणसं. त्यांच्या अंगठ्यावर ‘ग्रामस्थांशी चर्चा झाली’ असं लिहून फाईल पुढं जाऊ शकते. मोठ्या कामाची माहिती गावात कधी द्यायची, याचं साधं वेळापत्रकसुद्धा ऊसतोड बघून ठरायला पाहिजे.

भरावाच्या अलीकडं तळं, पलीकडं कोरडं

रेल्वे अन् मोठा रस्ता दोन्हीला भराव लागतो. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जोराचा पाऊस आला की पाणी फक्त ओढ्यातून जात नाही, सगळ्या रानावरून पसरून उताराला लागतं. नकाशावर ओढा दिसतो, तिथं पूल होतो. पण रानावरून वाहणारं पाणी नकाशात दिसत नाही, तिथं मोरी होत नाही. मग भरावाच्या वरच्या बाजूला तळं साचतं. मोरीच्या तोंडाशी सगळं पाणी एकवटतं अन् खालच्या शेतकऱ्याच्या रानातून माती घेऊन जातं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, त्यात पाण्याची वाट अडली की काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

दुसरा मुद्दा रस्त्याचा. रेल्वेमार्गाखालून जाणारा छोटा बोगदा कागदावर सोयीचा वाटतो. पण तो खड्ड्यात असेल तर पावसाळ्यात विहीर होते. उंची कमी असेल तर उसाची भरलेली ट्रॉली, कापसाची गाडी, हार्वेस्टर अडतं. शिवरस्ता तुटला की शेत समोर दिसतं, पण जायला दोन-तीन किलोमीटरचा वळसा. परिसर आराखड्यात पाणंद अन् शिवरस्ते आधीच दाखवलेले असतील, तर हे काम सुरू होण्याआधी कळतं. नंतर कळून फक्त उपोषण करता येतं.

तिसरा मुद्दा मुरमाचा. भरावाला मुरूम लागतो अन् तो जवळच्या टेकडीतून, गायरानातून येतो. एका उन्हाळ्यात टेकडी अर्धी होते. ती जखम पिढ्यान् पिढ्या दिसत राहते अन् उघड्या खड्ड्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. याच कामातून चांगलंही होऊ शकतं. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव, नाले खोल करून तिथली माती-मुरूम वापरला गेला. रस्त्याला माल मिळाला, गावाला पाणीसाठा मिळाला. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून त्याचं नाव झालं. खड्डा दोन्हीकडं पडलाच. पण बुलढाण्यात तो कुठं पाडायचा हे आधी ठरवलं होतं.

झाडं फक्त शोभेला नसतात

परिसराचा विचार म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं बऱ्याच जणांना वाटतं. समृद्धी महामार्गाचं उदाहरण बघा. 701 किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर 2022 ते जून 2025 या काळात टप्प्याटप्प्यानं खुला झाला. सुरुवातीला अपघात वाढले तेव्हा नागपूरच्या व्हीएनआयटी या संस्थेच्या अभ्यासात एक कारण पुढं आलं: रस्त्याची संमोहनावस्था. सरळ रस्ता, दोन्ही बाजूला तेच ते दृश्य, डोळ्याला थांबायला काही नाही. ड्रायव्हरचे डोळे उघडे असतात पण डोकं झोपतं. म्हणजे रस्त्याच्या कडेला काय दिसतं, यावर जीव अवलंबून असतो.

दुभाजकातल्या कण्हेर-बोगनवेलीचंही तसंच. ती शोभेला नसते. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर येऊ नये म्हणून ती ठरावीक उंचीची झुडपं असतात. ती वाळली की रात्रीची गाडी चालवणं अवघड.

यासाठी नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसनं रस्त्याकडेची झाडं अन् परिसर याबद्दल 2009 मध्ये मार्गदर्शक पुस्तक काढलेलं आहे. 2015 च्या हरित महामार्ग धोरणात तर प्रकल्पाच्या खर्चाच्या 1 टक्का रक्कम झाडांसाठी बाजूला ठेवायची, असं ठरलंय. हजार कोटींच्या कामात दहा कोटी. हा पैसा कुठं, कोणत्या झाडावर, किती वर्षांच्या देखभालीवर खर्च झाला, हे विचारायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे.

लावलेली झाडं मोजण्याचा अनुभव आपल्याला आहेच. 2019 ला राज्यात 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. नंतर त्या सगळ्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. गावोगाव लोक म्हणायचे, खड्डा तोच, रोप नवं. उलट बीडजवळ पालवणला उजाड डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली अन् फेब्रुवारी 2020 मध्ये तिथं वृक्षसंमेलन भरलं. म्हणजे आपल्या जमिनीत झाड जगत नाही, हे कारण चालणार नाही. जागा, जात अन् पाणी आधी ठरवलं की जगतं.

आणि जुनं झाड वाचवताही येतं. मिरज तालुक्यातल्या भोसे गावात रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड सुमारे 400 वर्षांचा वड येत होता. 2020 मध्ये गावकरी अन् पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला. राज्याच्या मंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिलं अन् रस्त्याच्या आखणीत बदल झाला. विशेष म्हणजे राज्यात 50 वर्षांवरच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणण्याची तरतूद 2021 ला झाली, पण ती शहरी भागातल्या झाडांच्या कायद्यात. खेड्यातल्या वडाला ते कवच नाही. त्याच्यासाठी गावालाच उभं राहावं लागतं.

कळसाचं दर्शन

‘दिसणं’ हा मुद्दा आपल्याला परका वाटायचं कारण नाही. वारीत ज्याला गाभाऱ्यात जाता येत नाही तो कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरतो. म्हणजे लांबून कळस दिसला पाहिजे, ही आपली जुनी गरज आहे. परळीचं वैद्यनाथाचं मंदिर टेकडीच्या उतारावर दगडी पायऱ्यांवर उभं आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. पायऱ्या चढताना मंदिर हळूहळू समोर येतं, हेच त्या बांधणीचं वैभव. तिथं नवी कमान, पत्र्याचं शेड, दर्शनरांगेचा मजला, पार्किंगची इमारत काहीही करताना पहिला प्रश्न हाच पाहिजे: पायथ्याच्या बाजारातून, स्टेशनच्या रस्त्यावरून शिखर दिसणार का झाकणार?

राज्यात सध्या तीर्थक्षेत्रांच्या आराखड्यांना मोठा पैसा आहे. 6 मे 2025 ला चौंडीत झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजापूर, त्र्यंबकेश्वर, माहूरगड अशा ठिकाणांसाठी मिळून साडेपाच हजार कोटींच्या आसपास रकमेला मंजुरी मिळाली. पण पंढरपुरात काशीच्या धर्तीवर कॉरिडॉरची गोष्ट निघाली तेव्हा तिथले दुकानदार, रहिवासी रस्त्यावर आले. भाविकांना सोयी नकोत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आमची घरं-दुकानं कुठं जाणार अन् त्या जागी नेमकं काय होणार, हे आधी सांगा, एवढंच होतं. परळीतल्या व्यापाऱ्यानं, फूलवाल्यानं अन् आपल्यासारख्या खेड्यातल्या भाविकानं यातून शिकावं. आराखडा मंजूर झाल्यावर नाही, तो तयार होत असतानाच तो पाहायला मागावा.

पवनचक्की अन् राखेची आठवण

पवनचक्कीला पर्यावरण सुनावणी नाही, हे वर आलंच. तरी केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनेत घरापासून 500 मीटर अंतर ठेवायला सांगितलेलं आहे, आवाजाच्या कारणानं. पात्यांच्या फिरत्या सावलीचा त्रास वेगळा. सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असताना ती सावली घरात, गोठ्यात लपलप करते. जर्मनीत एका घरावर ही सावली वर्षात 30 तासांपेक्षा अन् दिवसात 30 मिनिटांपेक्षा जास्त पडू नये, असा दंडक आहे. आपल्याकडं भाडेकराराच्या कागदावर सही घेताना सावली, रात्रीचा लाल दिवा, येण्याजाण्याचा रुंद रस्ता, उच्चदाब तारा यांचं चित्र शेतकऱ्यासमोर ठेवलं जातं का, हे सही करणाऱ्यानं स्वतः विचारायला पाहिजे.

आधी न विचारल्याची किंमत परळीला माहीत आहे. औष्णिक केंद्र 1971 ला सुरू झालं. देशात पर्यावरण परिणामाची पहिली अधिसूचनाच 1994 ला आली. म्हणजे राख कुठं साठेल, वारा कुठं नेईल, हे लोकांसमोर मांडायची तेव्हा सक्तीच नव्हती. या केंद्रानं रोजगार दिला, परळीला नाव दिलं. पण राखेचं तळं अन् उघड्या गाड्यांतून उडणारी राख हा वाद पन्नास वर्षांनंतरही मिटलेला नाही. आता अशा केंद्रांना हरित पट्टा करण्याची अट घातली जाते. ती अट कागदावर किती अन् जमिनीवर किती, हे मोबाईलवरच्या उपग्रह नकाशावर कुणालाही पाहता येतं.

याचा गैरवापरही होतो

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘डोळ्याला खुपतं’ हे कारण फार ताणलं तर चांगली कामंही अडतात. इंग्लंडमध्ये 2015 नंतर स्थानिक विरोधाला इतकं वजन आलं की जमिनीवरच्या नव्या पवनचक्क्या जवळजवळ बंद पडल्या. जुलै 2024 मध्ये तिथल्या सरकारला ते निर्बंध उठवावे लागले. आपल्याला वीज पाहिजे, रेल्वे पाहिजे, कारखाना पाहिजे. आपली पोरं पुण्याला जायची थांबली पाहिजेत. म्हणून चित्र मागायचं ते काम सुधारायला मागायचं, अडवायला नाही. गुत्तेदाराकडून काही काढायला चित्र मागणारा गावाचा घातच करतो, हेही आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

अहवाल काढायला वेळ अन् पैसा लागतो, हे खरं. पण कोट्यवधींच्या कामात चार-सहा ठिकाणचे मापातले फोटो अन् एक पाणी-झाडं-रस्त्यांचा नकाशा, हा खर्च फार नाही. एक चुकलेली मोरी नंतर फोडून बांधायला त्याहून जास्त लागतं.

गावानं काय करायचं?

1. काम सुरू होण्याआधी स्वतःचे फोटो काढून ठेवा. वेस, ओढा, जुनी झाडं, पाणंद, विहिरी. तारीख अन् ठिकाण उमटणारं कॅमेरा ॲप वापरा. पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं त्याचा व्हिडिओ तर हमखास काढा. उद्या ‘इथं पाणी नव्हतंच’ असं कुणी म्हटलं तर हाच पुरावा.

2. महाभूनकाशावर आपला गट बघा, गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं बघा. ओढा पूर्वी कसा होता ते कळतं.

3. माहिती अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. राज्याच्या नियमाप्रमाणं अर्ज एका विषयावर अन् 150 शब्दांत ठेवा. मागायचं काय? आपल्या गावाच्या हद्दीतल्या मोऱ्या-पुलांची जागा अन् माप, तोडायच्या झाडांची यादी, लावायच्या झाडांची जात-संख्या-देखभालीची मुदत, मुरूम कुठून घेणार ती जागा.

4. ग्रामसभेत ठराव घ्या. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच पाहिजेत. ठरावात स्पष्ट लिहा: काम सुरू होण्याआधी यंत्रणेनं गावात येऊन नकाशा अन् मापातली चित्रं मराठीत समजावून सांगावीत, आणि ही बैठक ऊसतोड मजूर गावात असताना घ्यावी.

5. ज्यांची जमीन जात नाही त्यांनीही बोला. पाणी गट नंबर बघून वाहत नाही.

भूसंपादन होऊन गेलं असलं तरी उशीर झालेला नाही. भराव पडेपर्यंत मोरीची जागा बदलता येते, झाडाची जात बदलता येते, मुरमाच्या खड्ड्याचं तळं करता येतं. भराव पडून रूळ बसले की मग पुढची पन्नास वर्षं तेच दृश्य अन् तेच पाणी. सिरसाळा परिसरातल्या प्रत्येक गावानं येत्या ग्रामसभेत हा एक विषय घ्यावा. नारळ फोडायला सगळेच येतील. त्याआधी नकाशा पारावर पसरायला कुणी येतं का, ते बघू.